समोर असंल तेवढंच

खात्याच्या मुकादमानं, मल्लप्पा जॉबरनं, पाठीमागनं धोंडीरामला आईवरनं शिवी हासडली, आणि गिरणीच्या फाटकाशी भाकरी घेऊन उभ्या असलेल्या रंभाबाईनं डोळेच मिटले. संपलं! आता आपला नवरा वळणार, मल्लप्पाचे दात पाडणार, आणि हीपण नोकरी जाणार. आधीच्या दोन गिरण्या अशाच सुटलेल्या. चौथ्या गिरणीत कोण उभं करतंय?

तिनं एक डोळा हळूच उघडला. धोंडीराम सावकाश चालत येत होता. केसांत कापूस, ओठांवर हसू. जणू तळ्याकाठनं फिरून आलाय.

"आवं, केवढी शिवी दिली त्यानं!"

धोंडीराम तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "देऊ दे की. भाकरी सोड."

ही सगळी वीरभद्रप्पाची करणी. शेजारच्या मागावरचा म्हातारा, रोज पहाटे पद्मासन घालून बसणारा. त्यानंच धोंडीरामला नादी लावलं. "श्वास आला, बघ. श्वास गेला, बघ. जेवताना घास, चालताना पाऊल. समोर असंल तेवढंच तुझं. बाकीचं जग गेलं वाऱ्यावर."

आणि काय सांगू, माणूस बदललाच की! भाकरी अशी चावायचा, जणू पयल्यांदाच खातोय. घागर अशी उतरवायचा, जणू आत लेकरू निजलंय. आणि लग्नाला नऊ वर्षं झाली, पण बोलताना कधी बायकोकडं मान वळवली नव्हती त्यानं. आता तिनं तोंड उघडलं की याची नजर हलायचीच नाही. रंभाबाई लाजून तोंडावर पदर घ्यायची, तर हा बोटानं तो बाजूला करायचा. "हं, आता बोल."

नळावर शेजारची महादेवी डोळे मिचकावून म्हणाली, "अव्वा! दादला साधू हून पळतोय हं एक दिवस!"

"पळतोय कशाला? माझ्याबगर कायबी दिसत न्हाय त्याला!" रंभाबाई फुगून म्हणाली.

मग तिलाही ती शांती हवीशी झाली. "मलाबी शिकवा की," म्हणून ती पहाटे उंबऱ्याशी त्याच्या शेजारी जाऊन बसली. आधी डोळ्यांपुढं चूल आली, पीठ आलं, मल्लप्पाच्या मिशा आल्या. मग सगळं हळूहळू विरत गेलं. धुक्यातनं नाव जावी तसा श्वास यायचा, जायचा. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला. एवढं सुख तिला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा सुरू झाला. छपराचे पत्रे थरथरले, कावळे उडाले, महादेवीचं लेकरू किंचाळत उठलं. रंभाबाई केवढ्यानं दचकली! तिनं शेजारी बघितलं. धोंडीरामची पापणीसुद्धा हलली नव्हती. अभिमानानं तिचा ऊर भरून आला.

भोंगा अजून वाजतच होता. धोंडीरामनं डोळे उघडले, उजाडलेल्या आभाळाकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"रंभे," तो म्हणाला, "एवढं फटफटलं, आन् आज भोंगा कसा झाला न्हाय गं?"