पाणी मिळेल का?

"दुखवट्याच्या घरी गेलात की वचनं सांगत बसू नका. आधी पाणी मागा. माणूस निदान जागचा उठतो," शहरातल्या बाप्टिस्ट चर्चचे आढाव पाळक आपल्या साहाय्यकाला, भांबळांना, नेहमी सांगत.

आता आढावांच्याच बायकोला माती देऊन तीन दिवस झाले होते. त्यांना रडू येत नव्हतं, की प्रार्थना सुचत नव्हती. समोर बसलेले भांबळ बऱ्याच वेळाने खाकरले. "पाळकसाहेब, पाणी मिळेल का?"

आपलीच युक्ती आढावांनी ओळखली, तरी ते उठले. आयुष्यभर लोकांच्या घरी पाणी मागितलं; आपल्या घरात कधी हाताने दिलं नव्हतं. स्वयंपाकघरात त्यांनी एक कपाट उघडलं, मग दुसरं.

"अगं, पेले कुठे ठेवलेस?" त्यांनी हाक मारली, आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले.