नेव्हीचा कोन

ईरम्मानं नवं पातं बोटानं चाचपलं, खाचेत बसवलं आणि स्क्रू आवळला. कुठल्या बटणाला केवढं पातं लागतं ते तिला बघावं लागत नसे. एक चिंधी मशीनखाली सरकवून तिनं पॅडल दाबलं. सुई खडखडत काजाभोवती फिरली, शेवटी पातं खटकन खाली आलं. चिरेतून बटण घालून बघितलं, अलगद पार झालं. एकोणीस वर्षं काज मारणाऱ्या बाईला यात काय अवघड? घोळ झाला तो दुसरीकडंच.

खंडेनवमीला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात सगळी मशीनं पुसून, तेल घालून पूजा झाली होती. दसऱ्याची सुट्टी संपवून बायका आज कामावर आल्या होत्या. पूजेच्या साफसफाईत कुणा भल्या माणसानं ईरम्माची दोऱ्याची फळीही लख्ख पुसली आणि दोऱ्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, आपल्या मनानं परत मांडले. आता आली का पंचाईत! ईरम्मा कोन ओळखायची ते जागेवरून. पहिला पांढरा, मग खाकी, मग नेव्ही म्हणजे गर्द निळा, आणि कडेला काळा. पांढरा नि खाकी तिला अजून उमगत होते. निळा नि काळा मात्र गेल्या सहा महिन्यांत एक होऊन गेले होते.

मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. डोळ्यांच्या शिबिरातले डॉक्टर म्हणाले, साखरेनं आतला पडदाच खराब केलाय, गेली नजर परत येणार नाही. हे तिनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. दिसत नाही म्हटल्यावर काज मशीनवर कोण बसवून घेईल? आणि मशीन सुटलं की मंद्रूपला दिराच्या दारात जाऊन बसायचं. नवरा गेल्यावर त्या दारातून तिला ज्या शब्दांत बाहेर काढलं होतं, ते शब्द ती अजून विसरली नव्हती. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला खरोखर वाटायचं.

निळ्या-काळ्याची अदलाबदल झालेली तिला ठाऊक नव्हती; तिनं नेहमीसारखा तिसरा कोन चढवला. बॉबिनही त्यातूनच भरली. काम होतं सिक्युरिटीवाल्यांच्या नेव्ही शर्टांचं, एका शर्टाला सात काजं. हात असा चालला की चहा येईपर्यंत साठ शर्ट बाजूला पडले.

शेजारी धागे कापायला बसलेल्या ऋतुजानं एक शर्ट उलटापालटा केला. "अक्का, ह्याला काळा दोरा सांगितलाय व्हय?"

ईरम्मानं पॅडलवरचा पाय काढला नाही. "सांगितलाय म्हनून तर घातलाय. तू तुजे धागे काप."

पण सुपरवायझर गुरुराज मागंच उभा होता. काज कसं मारायचं हे त्याला हिनंच शिकवलेलं. तो शर्ट घेऊन खिडकीशी गेला, नखानं काज खरवडून बघितलं आणि परत आला. दोरा उसवता येतो हो, पण पात्यानं कापलेलं कापड कसं जोडणार?

"साठ शर्ट, अक्का."

"चुकलं बाबा. सुट्टीवरनं आले, गडबडीत चुकलं. रविवारी येते, म्होरच्या पट्ट्या उसवून नव्या लावते. कुनाला कळायचं बी न्हाय."

"गडबडीत एक चुकतो. दोन चुकतात. साठ न्हाय चुकत."

गुरुराजनं मशीनवरचा कोन उतरवला, सुईतला दोरा ओढून काढला. मग फळीपाशी जाऊन त्यानं थोडी शोधाशोध केली आणि दोन कोन आणून तिच्यासमोर ठेवले.

"ह्यातला नेव्ही घ्या आन् लावा मशीनला. मी कुनाला काय बी सांगत न्हाय."

तिनं दोन्हीवरून हात फिरवला. दोरा तोच, पीळ तोच, वजनही तेच. उजेडाकडं धरून बघितले, तर दोन अंधारी ढेकळं. सिद्धरामा, एवढी एक डाव लाज राख, असं ती मनातल्या मनात म्हणाली. ऋतुजाकडं बघितलं, नुसती हनुवटी हलवली असती तरी चाललं असतं. पण ती पोरगी मान खाली घालून बसलेली, हातातली कैचीसुद्धा थांबलेली.

"कुटला, अक्का?"

"ह्यो," ईरम्मा म्हणाली आणि उजवीकडचा उचलला.

गुरुराजनं दुसरा कोन हातात घेतला.

"दोनी काळेच हायती, अक्का."

ईरम्मानं ऐकलं. हातातला कोन मात्र तिनं खाली ठेवला नाही. तो मशीनवर चढवला, दोरा एकेका कडीतून खाली आणला, टोक जिभेवर ओलं केलं आणि बोटाच्या अंदाजानं सुईच्या नेढ्यात घातलं. पहिल्याच खेपेला गेलं.

"बघ की गुरू, एका दमात ओवला," ती म्हणाली. "हितं बसलेल्या कुनाला जमतंय सांग."

आणि एकसष्टावा शर्ट तिनं मशीनखाली ओढला.