मधलं दार

अपिलाच्या अर्जात ‘बांधकाम कायम का ठेवावे?’ हा रकाना थोरल्याने कोराच सोडला होता. दोन भावांची घरं, मध्ये एक भिंत. म्हाताऱ्या आईला दोन्हीकडे फिरता यावं म्हणून त्याने त्या भिंतीत परवानगीशिवाय दार पाडलं होतं. आता ते बुजवायची नोटीस आली होती. सोबत हाताने लिहिलेल्या तक्रारीची प्रत, खालचं नाव खोडलेली.

सुनावणीत अधिकारी बाईंनी विचारलं, “काका, या दारानं येतं-जातं कोण?”

“आई गेल्यापासून कुणीच नाही.”

“आणि भाऊ?”

“चार वर्षं बोलत नाही.”

“म्हणजे दोघांत विस्तव जात नाही, आणि दार मात्र हवं!”

“कडी त्याच्या बाजूला आहे, मॅडम. कधी त्याला यावंसं वाटलं, तर भिंत नको आडवी यायला.”

फाइल चाळता चाळता बाई तक्रारीच्या कागदाशी थांबल्या. “काका, ही तक्रार कुणाची, ते मला सांगता येत नाही. पण...”

“नका सांगू,” थोरला म्हणाला. “लहानपणी त्याचा हात धरून ते अक्षर मीच वळवून घेतलंय.”