कोरडं घर

वेलचेरीतलं नवंकोरं घर, आणि मालक रंगाराव तंजावरचे मराठी. परमुलखात आपली भाषा ऐकून उपेंद्र तिथंच विरघळला. त्याच्या बायकोचं, प्रमोदिनीचं, तसं नव्हतं. तिने भिंतींचा वास घेतला, कपाटांचे तळ चाचपले. कुठे ओल नाही की डाग नाही. तरी तिच्या मनात पाल चुकचुकतच होती.

"बांधून वर्ष नाही झालं, मग विकता कशाला?"

"मुलगी सिंगापूरला बोलावते, अम्मा."

"पावसाचं पाणी शिरतं का घरात?"

"एक थेंब देखील नाही."

एवढ्यात बाहेर आभाळ काळवंडलं. रंगारावांनी लगबगीने गाडीची किल्ली उचलली.

"कुठे निघालात?"

"तुम्ही कॉफी घ्या, अम्मा. गाडी उड्डाणपुलावर लावून येतो. उशीर केला, तर गल्लीतले लोक जागा ठेवत नाहीत."