बसलेल्या गायीची खिडकी

गवंड्याने खडूने भिंतीवर आडवी रेघ ओढली, माणसाच्या छातीच्या उंचीला. "इथून वर नव्या खिडक्या. खालच्या सगळ्या बुजवायच्या," तो म्हणाला आणि छिन्नी-हातोडा घेऊन थांबला.

म्हातारा वास्तुकार त्या रेघेकडे बघत राहिला. लोक त्याला ओळखायचे ते त्याने बांधलेल्या वाइनच्या देखण्या कारखान्यांमुळे, पण त्याचा जीव होता या गोठ्यात. वर लाकडी कमानींचं छप्पर आणि भिंतीत, गुडघ्याच्या थोडंसं वर, खिडक्यांची रांग. बसून रवंथ करणाऱ्या गायीला शेत दिसावं म्हणून.

"त्या राहू द्या," तो मालकाला म्हणाला. "हव्या तर वर आणखी पाडा."

"साहेब, आता इथे लोक वाइन चाखायला येणार. बाहेरचं बघायला त्यांनी काय रांगायचं?" मालकाने समजुतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं सांगू? चूक तुमचीच. गायींसाठी एवढं सुंदर बांधायला कुणी सांगितलं होतं? बघणाऱ्यांची रीघ लागली, आणि मग गायींचीच अडचण व्हायला लागली."

"त्या कुठे आहेत?"

"मागे पत्र्याची शेड टाकलीय. त्यांना काय, चारा मिळाला की झालं."

वास्तुकाराची बायको त्याच्याजवळ सरकली. "बोला ना काहीतरी," ती हळूच म्हणाली. "या खिडक्यांच्या उंचीसाठी महिनाभर घरात चार पायांवर फिरत होतात. शेजारीण मला विचारायची, यांचं काही हरवलंय का?"

मालक मनापासून हसला. गवंडीही हसला.

जागा मालकाची, भिंत मालकाची. वास्तुकाराचं फक्त नाव होतं, दारावरच्या पाटीवर, आणि ते काढायचं नाही असं मालकाने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

"करू का सुरू?" गवंड्याने विचारलं.

"थांब जरा."

भिंतीचा आधार घेत वास्तुकार खाली बसला. मग त्याने दोन्ही हात फरशीवर टेकले.

"अहो, गुडघे," बायको म्हणाली.

त्याने मान वळवून खिडकीतून बाहेर पाहिलं. शेत दिसलं नाही. काचेपलीकडे, भिंतीला खेटून, एक गाय बसली होती. रवंथ करत ती आत बघत होती.