पुरलेली चड्डी

तिने मातीतून उकरलेली पहिली चड्डी अख्खीच निघाली. दोन महिने मातीत राहूनही ती नुसती मळली होती. धुतली असती तर नवऱ्याला पुन्हा घालता आली असती.

वीटभट्टीवाला बांधावर उभा राहून खो खो हसला. मागे त्याचा जेसीबी घरघरत होता. शेताची वरची हातभर माती तो विटांसाठी उचलून नेणार होता. नवरा मात्र हसला नाही. पीक दरवर्षी खुरटत चाललेलं, त्याचं शेतीवरून मनच उडालं होतं. मेलेल्या मातीत किती राबायचं, म्हणून त्याने सौदा जवळजवळ पक्का केला होता. तिने हट्टाने एवढी परीक्षा मागून घेतली. शेतीशाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, सुती कापड पुरा. माती जिवंत असेल तर खाऊन टाकेल, मेलेली असेल तर जसंच्या तसं परत देईल.

पहिली चड्डी निघाली त्या वरच्या तुकड्यात नवरा धसकटं जाळायचा, पोत्यातलं खत टाकायचा. खालच्या तुकड्यात ती शेणखत, पालापाचोळा घालत आली होती, खतासाठी ताग पेरून गाडत होती. आता सगळी भिस्त त्या तुकड्यात पुरलेल्या दुसऱ्या चड्डीवर. तिथलीही अख्खी निघाली, तर शेताच्या जागी खड्डा उरणार होता.

खुणेच्या काठीपाशी ती बसली. खुरपं मातीत घातलं. खणलं, काही लागेना. आणखी खणलं. नाहीच! कुत्र्याने उकरून नेली की काय? आता कोण विश्वास ठेवणार?

“वहिनी, पुरली तरी होती का?” म्हणत वीटभट्टीवाल्याने हात हलवला. जेसीबी पुढे सरकला.

“थांबा हो!” ती रडकुंडीला येऊन ओरडली आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागली. बोटांत काहीतरी अडकलं. तिने भीतभीत ओढलं. इलास्टिकचा पट्टा बाहेर आला. नुसता पट्टा. कापडाचा एक धागाही नव्हता, एक गांडूळ तेवढं लोंबत होतं.

नवऱ्याने पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग तो जाऊन जेसीबीसमोर आडवा उभा राहिला.

“एक ढेकूळही मिळणार नाही,” तो म्हणाला. “या मातीनं माझी चड्डी खाल्लीय. खाल्ल्या चड्डीला जागेल ती.”