चौथी कॉर्ड

यादीत एकोणपन्नास नोंदी होत्या. युरोपातल्या जुन्या शास्त्रीय रचना अकरा, हिंदी सिनेमाची गाणी चौदा, इंग्रजी पॉप गाणी एकोणीस आणि व्हिडिओ गेममधलं संगीत पाच. निवेदितानं प्रत्येक रचना दोनदा ऐकली होती आणि जिथं शंका आली त्या सात आधीच काढून टाकल्या होत्या. या एकोणपन्नासही रचनांत त्याच चार कॉर्ड होत्या, त्याच क्रमानं; कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर.

त्याच म्हणजे शकूरचाचांच्या. खामगावातल्या त्यांच्या दुकानात पेटी दुरुस्त झाली की ते या चार कॉर्ड वाजवून बघत. चौथी वाजली की पडद्याआड गॅसचा लायटर टकटक करायचा आणि त्यांच्या पत्नी अमीरबी चहा ठेवायच्या. काम झाल्याचं त्यांना वेगळं सांगावं लागत नसे. मागच्या आठवड्यात निवेदिता आईच्या क्लासची पेटी दुरुस्तीला घेऊन आली, तेव्हा दुसऱ्या एका पेटीवर त्या वाजवून चाचा म्हणाले होते, "हे माह्यं सोताचं हाय, बेटा. कोणाचं ऐकून नाही. निकाहात हिले द्यायले माह्यापाशी दुसरं होतंच काय?" तिनं त्या चार कॉर्ड फोनवर रेकॉर्ड करून नेल्या होत्या.

आज ती पेटी न्यायला आली ती यादी घेऊनच. चाचा खूश होतील असं तिला वाटलं होतं. एवढ्या लांबच्या, एवढ्या नावाजलेल्या माणसांना जे सुचलं तेच यांनाही सुचलं, ही काय लहान गोष्ट होती?

तिनं आधी गेममधला तुकडा लावला. चाचांनी हातातली कानस खाली ठेवली आणि फोन कानाशी नेला.

"अरे, हे तर माह्यं!" ते हसले. "खामगावातून उचललं का बे यायनं?"

"नाही चाचा. हा गेम दोन वर्षांपूर्वीचा आहे. पण हे ऐका, हे सगळ्यात जुनं. तीनशे वर्षांपूर्वीचं."

चाचांनी तेही ऐकलं. मग एक पॉप गाणं ऐकलं, मग एक जुनं हिंदी. हिंदी गाण्यापाशी त्यांनी बोटानं खूण करून फोन थांबवायला सांगितला.

"अशी किती हायेत?"

"एकोणपन्नास." आणि ती तिथंच थांबली असती तरी चाललं असतं, पण तिला राहवलं नाही. "म्हणजे मला सापडलेली. खरी संख्या जास्तच असणार."

चाचा पेटीच्या उघड्या भात्याकडे बघत राहिले. "हे गाणं आमच्या बॅन्डात वाजे," ते हळू आवाजात म्हणाले. "निकाहाच्या आधी. लग्नाच्या सीझनात रोज दोन-दोन डाव वाजवलं असंल. तिथूनच शिरलं कानात. आन् मी चाळीस वर्सं तिले माह्यं म्हणून ऐकवून राह्यलो."

निवेदिता घाईनं पुढे झुकली. "चाचा, यात चोरी नसते. सूर मुळात बाराच. कुणीही बसलं तरी—"

"आत आवाज जाते, बेटा."

तिनं पडद्याकडे पाहिलं. पलीकडे अमीरबी भांडी लावत होत्या. यादीच्या कागदाची घडी करून तिनं ती मुठीत धरली. आयुष्यात आकड्यांच्या बाबतीत ती एकदाही खोटं बोलली नव्हती. कॉलेजात प्रयोगाचं उत्तर जुळलं नाही तर न जुळलेलंच लिहायची.

"माझं चुकलंय बहुतेक," ती म्हणाली. "तुमची चौथी कॉर्ड जरा वेगळी आहे. मी नीट ऐकली नव्हती."

चाचांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"माह्या कानाले सांगून राह्यली हे?"

त्यांनी भाता बसवला, चारही स्क्रू आवळले, फडक्यानं पट्ट्या पुसल्या आणि पेटी पुढ्यात ओढली. डावा हात भात्यावर गेला. पहिली कॉर्ड वाजली. दुसरी वाजली. तिसरी नेहमीपेक्षा थोडी लांबली. पडद्याआडची भांडी थांबली.

चौथीच्या तीन पट्ट्यांवर चाचांची बोटं बरोबर जाऊन बसली. पट्ट्या खाली दबल्या. भाता मात्र हलला नाही; चौथी वाजलीच नाही.

निवेदिता लायटरच्या आवाजाची वाट बघत होती. आतून दुसराच आवाज आला.

"हुई क्या जी पेटी?"

चाचांची बोटं अजून पट्ट्यांवरच होती. "नई," ते म्हणाले. "अब्बी नई हुई."

मग त्यांनी हात काढून घेतला आणि पेटी तिच्याकडे सरकवली. "तुह्या फोनात सूर मोजायचं हाय ना ते? तपासून घे. मंग घेऊन जाय."

"राहू द्या, चाचा."

"तपास. काम बिघडलं असंल तर मले समजलं पाह्यजे."

तिनं फोन पेटीवर ठेवला. शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, की त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात; एवढा फरक माणसाच्या कानाला कळतही नाही. तिचं ॲप तेवढं बारीक दाखवायचं. चाचा भाता देत होते आणि ती डावीकडून एकेक पट्टी दाबत होती, एकही न गाळता. आत सगळं शांत होतं.

पट्ट्या बेचाळीस. सगळ्यात मोठी चूक एक सेंट.